सातव्या महिन्यातच सांगावयाचे : गर्भिणी परिचर्येत स्तन्यपानाची पूर्वतयारी

गर्भिणी परिचर्या हा विषय आता आपल्या चिकित्सालयांत चांगलाच रुळला आहे. दर महिन्याचे सिद्ध क्षीर, घृतपान, आठव्या महिन्यातील आस्थापन, नवव्या महिन्यातील अनुवासन व पिचू यांची चौकशी आजकाल गर्भिणी स्वतःहून करतात. माहेरची मंडळी मुलीला घेऊन येतात, औषधे घेतात, आहाराचा तक्ता लिहून घेतात आणि यथाकाल प्रसूतीसाठी रुग्णालयात जातात. त्यानंतर साधारण तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडून दूरध्वनी येतो. "डॉक्टर, हिला दूधच नाही हो. काहीतरी द्या."

हा दूरध्वनी ज्यास कधी आला नाही असा वैद्य विरळा. त्यावर आपण काय करतो हेही आपणा सर्वांस ठाऊक आहे. शतावरी कल्प सांगतो, फार तर अहळिवाची खीर सुचवतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. चौथ्या दिवशी दूध उतरते आणि श्रेय कल्पाला मिळते. जिथे उतरत नाही तिथे तोपर्यंत घरात दुधाच्या पावडरीचा डबा आलेला असतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन एवढेच की, या दूरध्वनीचे उत्तर सातव्या महिन्यातच देऊन ठेवावयास हवे, आणि त्यात औषधाचा वाटा आपण समजतो त्याहून पुष्कळ लहान आहे.

२०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्या. परंतु तीन वर्षांखालील बालकांपैकी जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेली बालके ४१.८ टक्केच होती. सहा महिन्यांखालील ज्या बालकांना निव्वळ आईचे दूध मिळत होते त्यांचे प्रमाण ६३.७ टक्के. प्रसूती रुग्णालयात होऊ लागली म्हणून स्तनपान आपोआप सुरळीत होते असे नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. घरातली अनुभवी सुईण गेली आणि तिच्या जागी तेवढा वेळ बाळंतिणीजवळ बसणारे कोणी आले नाही.

एक अनुभव

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एक पहिलटकरीण तिसऱ्या महिन्यापासून नियमाने माझ्याकडे येत होती. मासानुमासिक काढे झाले, बस्ती झाले, आहारविहार झाला. प्रसूती शस्त्रक्रियेने झाली. तिसऱ्या दिवशी तिच्या आईचा दूरध्वनी आला तेव्हा मी बाळास न पाहता, मातेस न पाहता, एकही प्रश्न न विचारता शतावरी कल्प दोन चमचे दुधातून घेण्यास सांगितला. सोळाव्या दिवशी ती प्रत्यक्ष आली. दोन्ही स्तनाग्रांना चिरा पडलेल्या, उजव्या स्तनात तांबूस शोथ, अंगात ज्वर, आणि बाळ पूर्णपणे बाटलीवर गेलेले. खोदून विचारता कळले की त्या तिसऱ्या दिवशी बाळाला चार वेळा लघवी झाली होती आणि काळी शी हिरवट होऊ लागली होती. म्हणजे बाळाच्या पोटात पुरेसे जात होते. ते रडत होते एवढ्यावरून सर्वांनी, आणि दूरध्वनीवरून मीही, स्तन्याभावाचे निदान केले होते.

तिने तक्रार केली नाही. ती एवढेच म्हणाली, "नऊ महिने सगळे पोटाचंच बघत राहिलो, डॉक्टर. पुढचं कुणी सांगितलंच नाही." तिच्या गरोदरपणात दर महिन्याला तिला भेटणारा वैद्य मी होतो, तेव्हा सांगावयाचे होते ते मीच.

तीन रात्रींचा प्रश्न

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात प्रसूतीनंतर स्तन्य केव्हा प्रवृत्त होते हे सांगितले आहे. हृदयस्थ धमन्या विवृत झाल्यावर तीन किंवा चार रात्रींनी, असा त्याचा आशय. आधुनिक शरीरक्रियाविज्ञान हीच घटना निराळ्या भाषेत मांडते. अपरा बाहेर पडताच प्रोजेस्टेरॉनची पातळी एकदम उतरते, प्रोलॅक्टिनला वाट मोकळी होते आणि साधारण ३० ते ७२ तासांत दुधाचे प्रमाण भराभर वाढू लागते. पहिलटकरणीत, शस्त्रक्रियेनंतर, मधुमेही किंवा स्थूल स्त्रीत हा काळ थोडा लांबतो. याचा अर्थ असा की, "दूध नाही" हा दूरध्वनी नेमका दूध उतरण्याच्या उंबरठ्यावर येतो. आपण वर्गात हे सूत्र पाठ केले, परीक्षेत लिहिले, पण गर्भिणीला मात्र ते कधी सांगितले नाही.

या दोन-तीन दिवसांत स्तन रिकामे असतात असे मात्र नव्हे. त्यांत चीक असतो, दाट व पिवळसर. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी साधारण २ ते १० मि.ली. एवढाच चीक घेते. आपला चहाचा चमचा ५ मि.ली.चा असतो, हे मातेला आणि विशेषतः आजीला दाखवून सांगितले की चेहऱ्यावरील काळजी निम्मी उतरते. गाईच्या चिकाचा खरवस आपण शेजारीपाजारी वाटून खातो आणि स्वतःच्या बाळाचा चीक मात्र "जड आहे, पिळून टाका" म्हणून टाकून देतो. ही विसंगती डोहाळजेवणाच्या पंगतीत बोलून दाखवली तर हसत हसत पटते, असा माझा अनुभव आहे.

सुश्रुतांनीच निदानस्थानात स्तन्यप्रवृत्तीची कारणे देताना अपत्याचा स्पर्श, दर्शन, स्मरण आणि त्याला जवळ घेणे यांचा उल्लेख केला आहे, व निरंतर स्नेह हा प्रस्रवाचा हेतू मानला आहे. ज्याला आपण पान्हा फुटणे म्हणतो ती ऑक्सिटोसिनच्या अधीन असलेली क्रिया याहून वेगळी नाही. उलट क्रोध, शोक व अवात्सल्य यांनी स्तन्यनाश होतो असेही त्यांनी सांगितले आहे. जिच्या उशाशी बसून चार जणी दिवसभर "हिला दूध नाही" म्हणतात तिला पान्हा फुटावा कसा?

सातव्या महिन्याचे निमित्त

हा उपदेश केव्हा करावा, याचे उत्तर परिचर्येच्या क्रमातच आहे. चरकाचार्यांनी सातव्या महिन्यात किक्किसाचे वर्णन करून स्तन व उदर यांवर चंदन-मृणालाचा कल्क लावण्यास सांगितले आहे. म्हणजे या महिन्यात स्तनांविषयी बोलणे हा परिचर्येचाच भाग आहे, वेगळे निमित्त शोधावे लागत नाही. याच सुमारास आपल्याकडे डोहाळजेवण होते, मुलगी माहेरी येण्याची तयारी चालते, आणि आई, सासू, पती असे तिघेही एखाद्या भेटीत एकत्र सापडतात. ही भेट मी राखून ठेवतो. अर्धा तास देतो. आठव्या-नवव्या महिन्यात बस्तीच्या वेळी त्याची उजळणी करतो.

पुरुष वैद्याने हा विषय काढावा कसा, असा संकोच अनेकांस वाटतो, मलाही वाटत असे. स्तनपरीक्षण माझी स्त्री सहकारी करते. ती नसेल त्या दिवशी मी केवळ प्रश्न विचारतो : स्तनांची वाढ गरोदरपणात झाली का, स्तनाग्रे बाहेर आहेत का, पूर्वी स्तनावर कोणती शस्त्रक्रिया झाली आहे का, थायरॉईडचा किंवा बीजकोषातील ग्रंथींचा विकार आहे का. बाळ धरण्याची पद्धत दाखवावयास जुन्या धोतराची एक बाहुली करून ठेवली आहे. पतीच्या हातात ती दिली की खोलीतील अवघडलेपण जाते.

स्तनाग्रे आत ओढलेली असतील तर गरोदरपणात ती रोज ओढावीत, चोळावीत, तेल लावून मळावीत असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. इंग्लंड व कॅनडातील बहुकेंद्री चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले, त्यात असल्या व्यायामाने किंवा विशेष कवचांनी स्तनपानाच्या यशात काहीही फरक पडला नाही. तेव्हा गर्भिणीला त्या खटाटोपात घालू नये. उपाय प्रसूतीनंतर करता येतो. दावणगेरे येथील बालरोगतज्ज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेली पद्धत अत्यंत सोपी आहे. सिरिंज १० किंवा २० मि.ली.ची घ्यावी, सुई लावण्याचे टोक कापून दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने घालावा, आणि गुळगुळीत बाजू स्तनाग्रावर ठेवून मातेनेच दट्ट्या हळूहळू मागे ओढावा. पाजण्यापूर्वी अर्धा ते एक मिनिट पुरते. वेदना झाली तर लगेच ओढ सोडावी. औषधालयात दहा रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या वस्तूने हे काम होते. बाळ स्तनाग्र चोखून दूध पीत नाही, स्तनमंडलासह तोंड भरून घेते, हे एकदा समजले की सपाट स्तनाग्राची भीतीही कमी होते.

धरणे, लावणे आणि दुसरी रात्र

स्तनाग्राच्या चिरांवर शतधौतघृत, लोणी, तूप असे आपण सुचवतो. त्याने दाह शमतो, हरकत नाही, पाजण्यापूर्वी पुसून घ्यावे. पण चिरेचे कारण बहुधा बाळ वरवर लागणे हे असते आणि ते दूर केल्याशिवाय चीर भरत नाही. म्हणून सातव्या महिन्यातच बाहुली घेऊन मातेला पुढील चित्र मनात पक्के करून द्यावे. बाळाचे संपूर्ण अंग तिच्याकडे वळलेले, मान व पाठ एका रेषेत. तोंड जांभई दिल्यासारखे उघडेपर्यंत थांबावे आणि मग बाळाला स्तनाकडे आणावे, स्तन बाळाकडे नेत वाकू नये. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, स्तनमंडलाचा खालचा भाग वरच्याहून अधिक आत गेलेला, नाक मोकळे. पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत राहिले तर करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून घालून सोडवावे व पुन्हा लावावे. लंबस्तनी धात्रीच्या स्तनाने बाळाचे नाक-तोंड झाकले जाऊन प्राणावर बेतू शकते, असा इशारा सुश्रुतांनी दिला आहे. झोपून पाजणाऱ्या थकलेल्या मातेच्या बाबतीत तो आजही तितकाच लागू आहे. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला टाक्यांवर बाळ ठेववत नाही. तिने बाळाचे पाय स्वतःच्या काखेखालून मागे जातील असे धरावे, किंवा कुशीवर निजून पाजावे व त्या वेळी जवळ कोणीतरी जागे असावे.

दुसऱ्या रात्रीविषयी आधी सांगून ठेवणे फार महत्त्वाचे. पहिला दिवस बाळ बरेचसे झोपते. दुसऱ्या रात्री ते पुन्हा पुन्हा मागते, लावले की चोखते, काढले की रडते. हीच ती रात्र की ज्या रात्री पिता औषधालयाकडे धावतो. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणे हे नवजाताच्या बाबतीत स्वाभाविक आहे, आणि हे वारंवार चोखणेच पुढच्या दिवसांचे दूध ठरवते. त्या रात्री दोन-तीन वेळा बाटली गेली तर तेवढ्या वेळा स्तनाला मागणी कमी पोहोचते. आई आणि पती यांना मी स्पष्ट सांगतो की दुसऱ्या रात्री रडणे होणार आहे, त्या रात्री तुम्ही बाळंतिणीला जेवू घाला, पाणी द्या, बाळाला तिच्या उघड्या छातीवर ठेवून वरून चादर घाला, आणि घड्याळ बघू नका. बाळंतिणीला पाणी तोडण्याची जी पद्धत आपल्याकडील काही घरांत अजून आहे ती या वेळी सांगून सोडवून घ्यावी. तहान लागेल तेवढे कोमट पाणी मिळालेच पाहिजे.

दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नये, लंगोटावरून ठरवावे. पहिल्या दिवशी एक लघवी, दुसऱ्या दिवशी दोन, असे वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा किंवा अधिक. शी पहिल्यांदा काळी, मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. वजनात पहिल्या दिवसांत घट होते व १० ते १४ दिवसांत जन्मवजन भरून येते. ३ किलोचे बाळ २८०० ग्रॅमवर आले म्हणजे दूध नाही असे नव्हे. घट १० टक्क्यांच्या पलीकडे गेली, म्हणजे तेच बाळ २७०० ग्रॅमच्या खाली उतरले, तर मात्र त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांनी पाहिले पाहिजे. हे आकडे मी एका कागदावर लिहून देतो व तो कागद बाळंतविड्यात ठेवण्यास सांगतो.

स्तन दाटून येतात तेव्हा

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरते तेव्हा स्तन दगडासारखे कठीण होतात, बाळाला पकडता येत नाही, आणि दूध भरपूर असूनही ते उपाशी रडते. येथे सुश्रुतांचे निरीक्षण विलक्षण आहे. पाजण्यापूर्वी थोडे दूध काढून टाकावे, तसे न करता अतिस्तब्ध, दुधाने भरलेला स्तन दिला तर बाळाला कास, श्वास व वमी होतात, असे ते सांगतात. हाताने थोडे दूध काढून स्तनमंडल मऊ करावे व मग लावावे, हेच आज स्तनपान सल्लागार शिकवतात. हाताने दूध काढण्याची कृती गर्भिणीला सातव्या महिन्यात बाहुलीच्याच कापडावर दाखवता येते. अंगठा व तर्जनी स्तनमंडलाच्या कडेवर ठेवून आधी छातीकडे दाबावे, मग एकमेकांकडे. त्वचेवरून घासू नये.

स्तनशोथात आपली काही सवय मात्र बदलली पाहिजे असे मला वाटते. गाठ दिसली की गरम शेक, पोटीस आणि जोरात चोळणे हा घरोघरचा क्रम आहे आणि आपणही त्याला मूक संमती देतो. सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात स्तनरोगात उपनाह टाळण्यास सांगितले आहे, कारण स्तन मृदू मांसाचे असल्याने लवकर कोथ पावतात. आम, विदग्ध आणि पक्व अशा सर्व अवस्थांत दूध काढत राहावे हेही तेथेच सांगितले आहे. स्तनपानविषयक वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय अकादमीने २०२२ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांतही जोराचे मर्दन टाळणे, थंड शेक, आणि पाजणे चालू ठेवणे यांवर भर आहे. यंत्राने स्तन पूर्ण रिते करण्याचा अट्टहास मात्र त्यांत नाही, कारण त्याने दूध आणखी वाढते. ज्वर व लालसरपणा चोवीस तासांत कमी झाला नाही तर प्रतिजैविकांसाठी वेळ न दवडता पाठवावे. विद्रधी झाल्यावर पश्चात्ताप करून उपयोग नाही.

मधाचे बोट

आता आपल्याच घरातील एक अवघड प्रश्न. सुश्रुतांच्या क्रमात पहिले तीन दिवस मध-तुपाचे प्राशन येते व नंतर स्तन्य. या आधारावर काही वैद्यबंधू आजही नवजातास मध-तूप, सुवर्णप्राशन किंवा बाळगुटी पहिल्या दिवसापासून सुचवतात. एक वर्षाखालील बालकांस मधातील जंतुबीजांमुळे बोट्युलिझम हा गंभीर विषार होऊ शकतो हे आता सर्वमान्य आहे, आणि पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधाव्यतिरिक्त, वैद्याने आवश्यक म्हणून दिलेली औषधे सोडून, काहीही देऊ नये हा जागतिक आरोग्य संघटनेचा व आपल्या शासनाचा उपदेश आहे. चरकाचार्यांनी मात्र जातकर्मातील प्राशनानंतर लगेच, प्रथम उजवा, असे स्तन देण्यास सांगितले आहे. म्हणजे पहिल्या दिवशी स्तन देणे शास्त्रविरुद्ध नाही, ते संहितेतच आहे. ज्या कुटुंबाला संस्कार करावयाचा आहे त्यांना मी सोन्याची वस्तू बाळाच्या ओठांना स्पर्श करवण्यापर्यंत थांबण्यास सांगतो. मध नाही. याबाबत काही ज्येष्ठ सहमत होणार नाहीत याची मला कल्पना आहे, पण नवजाताच्या आरोग्याच्या बाबतीत मी परंपरेपेक्षा सावधगिरीच्या बाजूने उभा राहीन.

स्तन्यजनन द्रव्यांचे स्थान

चरकोक्त स्तन्यजनन महाकषायातील दहा द्रव्ये आठवून पाहावीत : वीरण, शाली, षष्टिक, इक्षुवालिका, दर्भ, कुश, काश, गुंद्रा, इत्कट आणि कत्तृण. सारी तृणमुळे. बाजारातील प्रत्येक डब्यावर जिचे चित्र असते ती शतावरी या गणात नाही. याचा अर्थ शतावरी निरुपयोगी आहे असा नाही. तिची परंपरा मोठी आहे, लहान प्रमाणावरील काही अभ्यासही अनुकूल आहेत. परंतु स्तन्यक्षयाचे लक्षण सुश्रुतांनी स्तनांची म्लानता व स्तन्याची अल्पता असे दिले आहे. दाटलेल्या, ताठ स्तनांच्या बाळंतिणीला स्तन्यजनन देणे हे निदानच चुकीचे, आणि अशी चूक मी स्वतः केली आहे हे वर सांगितलेच. शिवाय तयार कल्पांत साखरेचे प्रमाण मोठे असते. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला साधे चूर्ण ३ ते ६ ग्रॅम दुधातून द्यावे, कल्प देऊ नये. अहळीव, खसखस, डिंक, बाळंतशोपा यांचे आपल्या घरांतील स्थान उत्तम आहे, ते अबाधित ठेवावे. त्यांनी बाळंतिणीला बळ येते आणि तिच्याभोवती कोणी राबते आहे याचे समाधान मिळते, जे स्नेहाच्या सूत्राशी सुसंगतच आहे.

खरोखर दूध कमी असणाऱ्या स्त्रियाही असतात, हे विसरून चालणार नाही. प्रसूतीत अतिरक्तस्राव झालेला, अपरेचा अंश आत राहिलेला, थायरॉईडची न्यूनता, स्तनावर पूर्वी शस्त्रक्रिया, गरोदरपणात स्तनांची वाढच न झालेली, अशा ठिकाणी "प्रयत्न करा, येईल" म्हणत बसणे हे बाळाच्या जिवाशी खेळणे होय. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा मार्गही निराळा आहे. त्यांच्यासाठी आज महाराष्ट्रातील काही रुग्णालयांत मातृदुग्धपेढ्या आहेत, आणि आशियातील पहिली अशी पेढी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली सुरू झाली हे आपणा महाराष्ट्रीयांस ज्ञात असावे. वरचे दूध द्यावेच लागले तर ते वाटी-चमच्याने किंवा स्वच्छ बोंडल्याने द्यावे आणि ज्या मातेला पुढे पाजावयाचे आहे तिने त्याच वेळी हाताने दूध काढत राहावे. अशा मातेला अपराधी वाटू देऊ नये. तिचे काही चुकलेले नसते.

औषधविक्रेत्यांसाठी

आपल्या या त्रैमासिकाचे वाचक औषधालयांचे चालकही आहेत, म्हणून चार शब्द त्यांच्यासाठी. शिशुदुग्धपर्याय, दूधबाटल्या व शिशुअन्न यांविषयीचा कायदा १९९२ साली झाला व २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला. दोन वर्षांखालील बालकांसाठीच्या या पदार्थांची जाहिरात, नमुने वाटणे, भेटवस्तू व सवलतींनी विक्री वाढवणे त्याने निषिद्ध आहे. २००३ च्या दुरुस्तीने आरोग्यसेवा यंत्रणेच्या व्याख्येत औषधालये आणि वैद्यकीय व्यावसायिकांच्या संघटनाही आल्या. म्हणजे दुकानाच्या काचेवर डब्याचे भित्तिपत्रक लावणे जसे वर्ज्य, तसेच अशा कंपनीचे प्रायोजकत्व आपल्या संमेलनास घेणेही वर्ज्य. डबा विकण्यास बंदी नाही, गरज असलेल्या बाळाला तो मिळालाच पाहिजे. प्रश्न रात्री अकरा वाजता, चिठ्ठीशिवाय, घाबरून आलेल्या पित्याचा आहे.

माझ्या चिकित्सालयाशेजारच्या औषधविक्रेत्याने गल्ल्याच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटवून ठेवला आहे. त्यावर चार प्रश्न आहेत. बाळ किती दिवसांचे? आज लघवी किती वेळा? शीचा रंग कोणता? बाळ पाजताना जागे होते का, की उठवूनही उठत नाही? पहिल्या तिन्हींची उत्तरे दिवसाच्या मानाने ठीक असतील आणि बाळ जागून पीत असेल तर तो पित्याला डब्याऐवजी रुग्णालयातील परिचारिकेकडे बाळ पुन्हा लावून घेण्यास पाठवतो. बाळ सुस्त असेल, कावीळ पायांपर्यंत उतरली असेल, किंवा दिवसभरात लघवीच झाली नसेल, तर डबा आणि कल्प दोन्ही बाजूस ठेवून बालरोगतज्ज्ञांचा पत्ता लिहून देतो.

मला स्वतःला आता तिसऱ्या दिवशी दूरध्वनी आला की मीही याच चार प्रश्नांनी सुरुवात करतो. नंतर बाळाला स्तनाला लावून दूरध्वनी जवळ धरावयास सांगतो. चोखण्याच्या दोन-तीन हालचालींनंतर गिळण्याचा बारीक आवाज ऐकू आला तर आजीला तो ऐकवतो, आणि कल्पाचे नाव काढत नाही.